टाकीचं विरजण

माझं काम काय आहे हे नातेवाइकांना सांगायची वेळ आली की मी हमखास हरते. "कागदाच्या मिलमध्ये घाण पाण्याचं बघते," म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव दाटते. मग आई बाजू सावरून घेते, "केमिस्ट आहे ती." लोकांना वाटतं, मेडिकलचं दुकान असेल. खरं सांगायचं तर मी गुरं पाळते. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि चरायला न्यावी लागत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आमची मिल तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. शहरभरातली रद्दी आणि फाटकी खोकी गठ्ठ्यांनी येतात, पाण्यात घुसळून त्यांचा लगदा होतो आणि त्यातून पुन्हा खोक्यांचाच जाड तपकिरी कागद निघतो. कागद गाडीत भरून जातो, पाणी मागे राहतं. उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखं ते दिसतं. त्यात खळ असते, शाई असते, बारीक तंतू असतात. ते तसंच खाडीकडे गेलं तर तिथल्या मासळीचा श्वास कोंडेल. म्हणून ते आधी माझ्याकडे येतं. गाळ खाली बसवायचा आणि उरलेलं पाणी हवेच्या टाकीत सोडायचं. ही टाकी एखाद्या मोठ्या सोसायटीच्या स्विमिंग पूलपेक्षाही मोठी आहे आणि तिच्या तळातून सतत हवेचे बुडबुडे वर येत असतात. त्या पाण्यात अगणित जिवाणू राहतात. पाण्यातली घाण हेच त्यांचं जेवण. ते खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे तपकिरी पुंजके होतात, पुढच्या टाकीत ते पुंजके तळाला बसतात आणि वर निवळ पाणी राहतं. हवा मारणारे दोन ब्लोअर सोडले तर त्यात यंत्राचं काम फारसं नाही. बाकी सगळं जिवंतांचं काम आहे.

आमच्या धंद्यात या जिवाणूंना सगळे 'बग्स' म्हणतात. काका त्यांना 'पोरं' म्हणायचे.

काका म्हणजे टाकीचे ऑपरेटर. करावे गावचे. त्यांचे वडील खाडीत मासेमारी करायचे, यांनी मात्र मिलची नोकरी धरली आणि टाकी बांधल्यापासून ती सोडली नाही. टाकी नवी होती तेव्हा तिच्यात पहिलं शेण यांनीच आणून कालवलं होतं. शेणातल्या जिवाणूंपासूनच तर हा संसार सुरू झाला. त्यामुळे टाकीचा बाप कोण, याबद्दल मिलमध्ये कोणाला शंका नव्हती आणि काकांना तर मुळीच नव्हती. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला टाकी अशी दाखवली होती की जणू मी त्यांच्या घरी स्थळ म्हणून आले आहे. आमचं रोज वाजायचं. फेस बघून टाकीची तब्येत सांगायची, ही त्यांची सवय. मीटर आणि मायक्रोस्कोपशिवाय मी एक शब्द बोलत नसे. कधी ते बरोबर निघत, कधी मी. जो हरेल त्याने चहा सांगायचा.

ते निवृत्त होणार होते त्या वर्षी मिलची वार्षिक बंदी नवरात्रात सुरू झाली. दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर मिल पुन्हा चालू व्हायची होती, आणि नेमका महिनाअखेर म्हणून तोच काकांचा शेवटचा दिवस होता. निरोपाला काय हवं, असं मॅनेजरसाहेबांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "मना काय नको. पोरं तगडी असताना मी जायला पायजे. मागनं कोन बोलायला नको का म्हातारा गेला आनि टाकी मेली."

बंदीत मिलचं पाणी येत नाही, म्हणजे पोरांना उपास. मग त्यांना गूळ आणि थोडा युरिया घालून जगवावं लागतं. ते काम काकांच्या अंगवळणी पडलेलं. मी बिनघोर सुट्टी घेतली. दसरा म्हणजे आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन. खांदेश्वरच्या घरी औरंगाबादकडचे पाहुणे आले होते, विहारात वंदना झाली, आईच्या हातची खीर झाली. मी दोन दिवस टाकीचा विचारसुद्धा केला नाही. तो आनंद मला चांगलाच भोवणार होता, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

सुट्टीनंतर परतले तर लांबूनच आमचा विभाग ओळखू येईना. कठडे चमकत होते. टाकीच्या भिंतीवरचा वर्षानुवर्षांचा काळा थर खरवडून निघाला होता. जिन्याला झेंडूची तोरणं, ब्लोअरला हार, हळदकुंकू. खंडेनवमीला मिलमधली सगळी यंत्रं पुजली जातात, पण घाण पाण्याच्या विभागाकडे एरवी कोणी ढुंकून बघत नाही. काकांची शेवटची पूजा होती. त्यांनी आदल्या दिवशी कंबर कसून सगळं घासून काढलं होतं.

"कसं दिसतं, म्याडम?" ते उभे राहिले होते नव्या नवरदेवासारखे.

दिसत छानच होतं. फक्त वास चुकला होता. आमच्या टाकीला पावसाळी मातीसारखा ओला वास असतो. त्या सकाळी मात्र सरकारी दवाखान्याचा वास येत होता. मी वर गेले. पाणी करडं आणि फिकं दिसत होतं. तपकिरी फेसाचा पत्ता नव्हता. मी ऑक्सिजनचा मीटर पाण्यात सोडला. आकडा वर गेला आणि वरच राहिला. अडाण्याला वाटावं, वा, पाण्यात किती प्राणवायू! पण भरल्या घरात कोणी श्वासच घेत नसेल तेव्हाच हवा अशी शिल्लक राहते.

"काका, कशाने घासलं?"

"आपली ती पावडर. ब्लीचिंगची. चार घमेली लागली बगा."

"आणि धुतलेलं पाणी?"

"टाकीतच की. भाएर कशाला सोडू? खाडीत गेला असता ना!"

माझा पारा असा चढला की मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की "जिवाणू मारायच्याच पावडरने जिवाणूंची टाकी धुतलीत!" हे वाक्य मी कमीत कमी तीनदा म्हटलं. काका शांतपणे ऐकत होते, कारण त्यांना अजून कळलंच नव्हतं. करावे गावात जुन्या विहिरी वर्षातून एकदा उपसतात आणि त्यात हीच पावडर टाकतात. ती पाणी शुद्ध करणारी पावडर. ही पाणी शुद्ध करणारी टाकी. अॅसिड टाकायचं नाही, कॉस्टिक टाकायचं नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं. पण शुद्ध करणारीला शुद्ध करणारी कशी मारील? त्यांचा हिशोब इतका सरळ होता की मी अर्ध्या रागात अडखळले. मग त्यांना मायक्रोस्कोपखाली दाखवलं. काचेवर फुटके, विस्कटलेले तुकडे. काहीच हलत नव्हतं.

काकांनी मायक्रोस्कोपवरून डोळा बाजूला घेतला, टोपी काढली आणि ते जिन्यावर बसले. "माज्या हातानी," म्हणाले. एवढंच. त्यापेक्षा ते माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. तोरणातली झेंडूची फुलं त्यांच्या डोक्यावर लोंबत होती. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींची लाज वाटत होती.

मॅनेजरसाहेबांनी साफ सांगितलं: टाकी जिवंत नसेल तर पाडव्याला मिल सुरू होणार नाही, तसं पाणी बाहेर सोडता येणार नाही. ते बरोबरच बोलत होते. पण काकांना मिलपेक्षा दुसरीच चिंता होती. हाताने वाढवलेली टाकी हाताने मारून शाल-श्रीफळ घ्यायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. "निरोप-बिरोप काय नको. मी गुपचूप जाईन," असं ते सारखं म्हणायला लागले.

आधी त्यांचा उपाय करून पाहिला. दुसऱ्याच दिवशी ते एका पुतण्याच्या टेम्पोतून शेण घेऊन आले. मिलच्या गेटवर शेणाचा टेम्पो बघून वॉचमनने विचारलं, "किधर का माल है?" काका म्हणाले, "लॅबचा." शेण कालवलं, गूळ विरघळवला, मळीसारखा गोड वास सुटला. टाकीवर पांढरा साबणासारखा फेस चढला आणि वाऱ्याने उडून ऑफिसच्या काचांवर जाऊन बसला. अकाउंट्सवाले खिडक्या लावून घेऊन आमच्या नावाने खडे फोडायला लागले. काही हलायला लागलं होतं खरं, पण शेणातल्या जिवाणूंना कागदाच्या पाण्याची सवय लागायला महिना-दीड महिना तरी जातो. पाडवा तोवर थांबणार नव्हता.

"काका," मी म्हटलं, "दही बिघडलं की काकी काय करतात?"

"शेजारनं विरजन आनते."

"मग आपणही आणू."

आमच्यापासून थोड्या अंतरावर कागदाची दुसरी मिल आहे. त्यांची टाकी आमच्यासारखीच, तसंच पाणी खाणारी, आणि ती चालू होती. तिथला टॅंकरभर गाळ आमच्या टाकीत ओतला तर त्यातली तयार पोरं आल्या आल्या कामाला लागली असती. अडचण एकच. दोन्ही मालकांचं रद्दीच्या खरेदीवरून अनेक वर्षं वाकडं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "त्यांच्याकडे मागायचं म्हणजे नाक कापून हातात द्यायचं." मी म्हटलं, "साहेब, नाक तसंही बंद करूनच तुम्ही आमच्याकडे येता." ते हसले आणि म्हणाले, "जा. मला माहीत नाही असं समजून जा."

मी आणि काका रिक्षाने निघालो. तळोज्याच्या ट्रेलरांच्या रांगेत अशी रखडपट्टी झाली की पोहोचेपर्यंत रस्त्यावरचे दिवे लागले. मी गेटकडे वळले तर काका रिक्षातून उतरेनात.

"आता नको. दिवेलागनीला विरजन मागत नाय कोन."

"काका, ते दही नाही. गाळ आहे."

"विरजन तुमीच बोललात ना? मग विरजनासारखा मागा."

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात तिथले प्लांट इन्चार्ज गेटवर आले. ते उरणकडचे, किनाऱ्यावरच्या मुसलमान घरातले, दाढी पांढरी आणि डोळे मिश्कील. रिक्षात बसलेला एक म्हातारा आणि त्याच्याशी वाद घालणारी एक बाई बघून त्यांना वाटलं असावं, घरगुती भांडण आहे. मी सगळी हकिकत सांगितली. ब्लीचिंग पावडरपाशी आले तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला. हसू दाबण्यासाठी धरला, हे उघड होतं. पण मग ते थेट रिक्षापाशी गेले आणि काकांना म्हणाले, "चाचा बरोबर बोलतायत, मॅडम. आमच्या अम्मीकडे पण दिवे लागल्यावर दही घराबाहेर जात नाही. सकाळी या. आमचा मोठा टॅंकर घेऊन जा, लाजू नका. मालकाचं टेन्शन घेऊ नका, त्यांना मी सांगतो. आणि भांडं रिकामं परत पाठवू नका, एवढंच."

काका तेव्हा रिक्षातून उतरले आणि त्यांनी त्या गृहस्थांचे दोन्ही हात धरले. दोघं बराच वेळ मासळीबद्दल बोलत राहिले. खाडीत आता काय मिळतं, पूर्वी काय मिळायचं. मी मीटर चालू ठेवलेल्या रिक्षावाल्याला तोंड देत उभी होते.

सकाळी त्यांच्याकडे जाऊन टॅंकर काकांनी स्वतः धुतला. नुसत्या पाण्याने. मी शेजारी उभी राहून खात्री केली, त्यावर ते म्हणाले, "एकदा चुकला मानूस, आता काय वास घेऊन बगनार काय?" मी खरोखरच वास घेऊन बघितला. टॅंकर भरला, आमच्या मिलमध्ये आला आणि दाट, तपकिरी, ओल्या मातीच्या वासाचा तो गाळ आमच्या टाकीत कोसळला, तेव्हा आम्ही दोघंही लग्नाच्या मांडवात उभं असल्यासारखे हसत होतो. रिकामं भांडं परत पाठवायचं नव्हतं. काकींनी करावेहून चकल्या, करंज्या, शेव असं सगळं डब्यांत भरून दिलं होतं, माझ्या आईने अनारसे दिले. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये डबे दोरीने बांधले. टॅंकर परत केला तेव्हा त्यांच्या गेटवर म्हणे वॉचमनने गाळ कुठे आहे म्हणून विचारलं आणि त्याला करंजी मिळाली. दोन्ही मालकांचं त्या फराळावरून फोनवर बोलणं झालं. काय झालं ते कळलं नाही, पण त्यानंतर मॅनेजरसाहेबांनी 'मला माहीत नाही' म्हणायचं सोडून दिलं.

पुढचे दिवस आम्ही टाकीभोवती बाळंतिणीच्या खोलीसारखे वावरलो. गूळ थोडाथोडा घालायचा, शेजारच्या मिलचं घाण पाणी छोट्या टाकीतून आणून चाखवायचं, पुंजके खाली बसतात का ते काचेच्या उंच नळकांड्यात बघायचं. एक दिवस मायक्रोस्कोपखाली घंटेच्या आकाराचे, देठावर डोलणारे जीव दिसले. टाकी सावरायला लागली की ते येतात. मी किंचाळले. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे तर नाचतात." पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. पाहुण्यांना खाऊ घालणं वेगळं आणि त्यांनी आपल्या घरचं रोजचं जेवण आनंदाने खाणं वेगळं. आमच्या मिलचं पाणी ती पोरं खातील का, हे मिल चालू झाल्यावरच कळणार होतं. म्हणजे काकांच्या शेवटच्या दिवशी.

पाडव्याला सकाळी नारळ फुटला, मिल घरघरत चालू झाली. लगद्याच्या पिंपापासून आमच्या टाकीपर्यंत पाणी यायला आणि त्याचा परिणाम दिसायला दुपार उलटणार होती. इकडे कॅन्टीनमध्ये काकांचा सत्कार. शाल झाली, भाषणं झाली. काका माईकवर "सगळ्यांचा आभारी हाय," एवढंच बोलले आणि खिडकीतून टाकीकडे बघत राहिले. बाहेर गेटवर एक वेगळाच गोंधळ. करावेहून अख्खी भावकी आली होती, सजवलेली जीप आणि बँडसकट. त्यांच्याकडे माणूस नोकरीतून सुटला की वाजतगाजत घरी नेतात. बँडवाले तास-दीड तास थांबून कंटाळले होते. काकी आत निरोप पाठवत होत्या, "गाव जेवायचा थांबलाय."

काकांना थांबायचं होतं. पण थांबायला कारण काय सांगणार? टाकीतली पोरं जेवली की नाही ते बघून येतो? शेवटी माझ्याजवळ आले. गळ्यात हारांचा ढीग, डोळे लाल. "म्याडम, तुमी बगा. मना फोन करा. जे आसल ते खरं सांगा." मी मान हलवली. ते गेटकडे गेले आणि बँड सुरू झाला.

मी धावत टाकीवर गेले. पाणी येऊन मिसळलं होतं, टाकी गडद झाली होती. मीटर पाण्यात सोडला. आकडा तिथल्या तिथे. मग तो एक घर खाली आला. थांबला. पुन्हा खाली. मग जिना उतरावा तसा उतरायलाच लागला. खात होती! श्वास घेत होती! सगळी एकदम ताटावर बसली होती आणि एका ब्लोअरची हवा त्यांना पुरत नव्हती. दुसरा ब्लोअर टाकी भरपूर खात असेल तेव्हाच लागतो. बंदीपासून तो बंद होता. मी खाली उडी मारल्यासारखी उतरले आणि बटण दाबलं.

तो ब्लोअर चालू होताना केवढा ओरडतो ते तळोज्यात सगळ्यांना माहीत आहे.

गेटवरचा बँड थांबला. आधी वाटलं, आवाजात ऐकू येत नसेल. मग बघते तर सिमेंटच्या रस्त्यावरून काका परत येत होते. जवळजवळ धावत. हार उडत होते, शाल एका खांद्यावरून लोंबत होती, मागून पुतणे, काकी, मॅनेजरसाहेब आणि सगळ्यात मागे ट्रम्पेट हातात धरलेला बँडवाला. घाण पाण्याच्या विभागात इतकी माणसं एका वेळी कधी आली नव्हती. काका जिना चढून वर आले. मीटरकडे त्यांनी पाहिलंही नाही. कठड्याला दोन्ही हात टेकून पाण्याकडे बघत राहिले. टाकीभर तपकिरी फेस चढत होता.

"खातात गो बाय," ते म्हणाले. मला त्यांनी म्याडम सोडून दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायची ती पहिलीच वेळ. "बग कशी खातात."

मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. खालून बँडवाल्याने कोणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. दोन ब्लोअर आणि बँड, काही म्हणजे काही ऐकू येईना. पुतणे नाचायला लागले, मॅनेजरसाहेब नाकावरचा रुमाल काढून नाचायला लागले. काका मात्र वरच उभे होते. त्यांनी गळ्यातला एक हार काढला, टाकीत टाकायला हात पुढे केला, मग माझ्याकडे बघून थबकले.

"चालेल?"

"चालेल, काका. झेंडू खातील ती."

हार बुडबुड्यांवर पडला, गरगरला आणि फेसात गेला. काकांनी कठडा सोडला.

"आता मी चाललो," म्हणाले, आणि हसत जिना उतरले.